निर्विघ्नतेची तयारी : रायपूरच्या मराठी लग्नघरांतील अडचणी आणि त्यांचे निवारण

विवाहसमारंभ हा अनेक माणसांची आणि व्यवसायांची कामे एकाच दिवसात, पुष्कळदा एकाच घटकेत, गुंफणारा उपक्रम असतो. पुरोहित, आचारी, मंडपवाला, वाजंत्री, वाहनचालक, भवनाचा व्यवस्थापक आणि दोन्हीकडचे नातेवाईक यांच्यापैकी एकाचे काम अडले तरी त्याचा ताण उरलेल्या सर्वांवर पडतो आणि हुकलेली घटका पुन्हा मिळत नाही. ‘लग्न पाहावे करून आणि घर पाहावे बांधून’ ही म्हण याच अनुभवातून रूढ झाली. मराठी विवाहविधीनेही हा धोका आरंभापासूनच गृहीत धरलेला दिसतो, कारण लग्नापूर्वी देवक बसवताना, म्हणजे कार्यासाठी कुलदेवता व मंडपदेवता यांची प्रतिष्ठापना करताना, ‘अविघ्नकलश’ या नावाचा कलश मांडून कार्य निर्विघ्न पार पडावे अशी प्रार्थना केली जाते. या प्रार्थनेच्या जोडीला परंपरेने दोन व्यावहारिक साधनेही निर्माण केली होती : एक म्हणजे प्रत्येक संभाव्य अडथळ्यासाठी आधीच सांगून ठेवलेला पर्याय, आणि दुसरे म्हणजे कोणते काम कोणाचे याची नात्यांनुसार ठरलेली वाटणी. नात्यांचे जाळे विरळ होऊन त्याची जागा कंत्राटांनी घेतली, तेव्हा ही दोन्ही साधने सैल पडली. आणि मूळ प्रदेशापासून दूर राहणाऱ्या रायपूरच्या मराठी समाजात हा बदल विशेष ठळकपणे पाहता येतो.

दोन प्रांतांत विभागलेले गणगोत

रायपूरची मराठी वस्ती अलीकडची नाही. नागपूरकर भोसल्यांचे सेनापती भास्करपंत यांनी १७४१ मध्ये रतनपूरच्या हैहयवंशी राज्यावर स्वारी केली, तेव्हापासून छत्तीसगडात मराठी कारभारी, सैनिक आणि पुरोहित येऊ लागले. १८१८ मध्ये इंग्रज अधीक्षकाने राजधानी रतनपूरहून रायपूरला हलवल्यावर आणि पुढे रेल्वे आल्यावर या वस्तीत वकील, शिक्षक व रेल्वे कर्मचारी यांची भर पडली. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेपर्यंत रायपूर आणि नागपूर एकाच प्रांतात असल्यामुळे सोयरिकी प्रामुख्याने विदर्भाशीच होत राहिल्या. तात्यापारा, बुढापारा, ब्राह्मणपारा या जुन्या मोहल्ल्यांत आणि नंतर चौबे कॉलनीसारख्या नव्या वस्त्यांत ही कुटुंबे स्थिरावली. १९३५ मध्ये स्थापन झालेले महाराष्ट्र मंडळ हे त्यांचे सार्वजनिक घर ठरले.

या इतिहासाचा थेट परिणाम असा की, रायपुरातील मराठी लग्नात वऱ्हाडाचा, म्हणजे वरपक्षाबरोबर येणाऱ्या मंडळींचा, मोठा भाग मुंबई–हावडा मार्गावरील गाड्यांवर अवलंबून असतो, कारण नागपूर रायपूरपासून रेल्वेने सुमारे तीनशे किलोमीटरवर आहे आणि अमरावती, अकोला किंवा पुणे त्याच्याही पुढे आहेत. एप्रिल २०२२ मध्ये कोळशाच्या मालगाड्यांना प्राधान्य देण्यासाठी छत्तीसगडातून जाणाऱ्या वीसहून अधिक प्रवासी गाड्या सुमारे महिनाभरासाठी रद्द करण्यात आल्या, तेव्हा नेमकी लग्नसराई सुरू असल्याने कित्येक कुटुंबांना आरक्षणे सोडून बस आणि भाड्याच्या मोटारी शोधाव्या लागल्या. रेल्वेनेच गाडी रद्द केली तर तिकिटाचे पूर्ण पैसे परत मिळतात. परंतु बुडालेली वेळ भरून निघत नाही. त्यामुळे अनुभवी कुटुंबे वर, वधू, दोघांचे आईवडील, मामा आणि पुरोहित यांना लग्नाच्या आदल्या सकाळपर्यंत पोहोचवतात, आणि उरलेल्या वऱ्हाडाला एकाच गाडीत न बसवता दोन-तीन गाड्यांत विभागतात, जेणेकरून एक गाडी अडली तरी विधीला लागणारी माणसे हजर असावीत.

रस्त्याने जाणाऱ्या वऱ्हाडाचा धोका याहून गंभीर असतो. ३ मे २०२३ च्या रात्री बालोद जिल्ह्यात लग्नाला निघालेल्या एका कुटुंबाच्या मोटारीची ट्रकशी टक्कर होऊन अकरा जणांचा मृत्यू झाला. रात्रीचा प्रवास, क्षमतेपेक्षा अधिक माणसे आणि दिवसभर राबलेला चालक ही लग्नसराईत वारंवार एकत्र येणारी तीन कारणे आहेत आणि तिन्ही टाळता येण्याजोगी आहेत. मालवाहू पिकअपमधून माणसे नेणे मोटार वाहन कायद्याविरुद्ध असून अपघात झाल्यास विम्याचा दावाही त्यामुळे अडचणीत येतो. वऱ्हाडाची परतीची वेळ पहाटेनंतरची ठरवणे आणि चालकाच्या जेवणाची व झोपेची सोय पाहुण्यांइतक्याच काळजीने करणे हा सर्वांत स्वस्त उपाय होय. मात्र जागा कमी पडली की पहिली कपात याच सोयीत होते.

मुहूर्त आणि दोन पंचांगे

रायपुरात मराठी आणि छत्तीसगढी किंवा हिंदी भाषक कुटुंबांत होणाऱ्या विवाहांत एक अडचण पंचांग उघडताच निर्माण होते. महाराष्ट्रात महिना अमावास्येला संपतो, याला अमान्त गणना म्हणतात, तर छत्तीसगडासह उत्तर भारतात तो पौर्णिमेला संपतो, याला पूर्णिमान्त गणना म्हणतात. शुक्ल पक्षाचे नाव दोन्हीकडे सारखेच राहते. परंतु मराठी पंचांगातील वैशाख वद्य पंचमी ही स्थानिक पंचांगात ज्येष्ठ कृष्ण पंचमी असते. मुहूर्तशास्त्रात ज्येष्ठ मुलगा, ज्येष्ठ मुलगी आणि ज्येष्ठ महिना हे तीन एकत्र येऊ नयेत असा निषेध आहे, आणि व्यवहारात पुष्कळ घरे थोरल्या अपत्याचे लग्न ज्येष्ठात करणेच टाळतात. त्यामुळे एका व्याह्याला निर्दोष वाटणारी तारीख दुसऱ्याला निषिद्ध वाटते, आणि दोघांनीही आपापले पंचांग बरोबर वाचलेले असते. हा घोळ लग्नपत्रिका छापल्यावर लक्षात आला तर त्याला मानापमानाचे रूप येते. म्हणून जाणते पुरोहित अशा सोयरिकीत तिथीबरोबर इंग्रजी तारीख लिहून घेतात आणि शक्यतो शुक्ल पक्षातील दिवस सुचवतात. अक्षय तृतीया, जिला छत्तीसगडात ‘अक्ती’ म्हणतात, ही वैशाख शुद्ध तृतीया असल्यामुळे दोन्ही गणनांत एकच राहते, आणि दोन्हीकडे तिला स्वयंसिद्ध मुहूर्ताचा मान असल्याने ती बहुधा वादाविना मान्य होते.

दुसरी अडचण मुहूर्तांच्या टंचाईची आहे. चातुर्मासात आणि गुरू किंवा शुक्र अस्तंगत असताना, म्हणजे सूर्यसान्निध्यामुळे ते दिसेनासे झालेले असताना, विवाह टाळण्याची प्रथा आहे. २०२४ मध्ये शुक्राचा अस्त एप्रिलच्या अखेरीपासून जूनअखेरपर्यंत राहिला आणि मे महिन्यात गुरूही अस्तंगत झाला, त्यामुळे एरवी गजबजणारे मे आणि जून हे दोन्ही महिने मुख्य मुहूर्तांविना गेले. २०२६ च्या पंचांगात १७ मे ते १५ जून हा काळ अधिक ज्येष्ठ मासाचा येतो, आणि अधिक मासातही विवाह करीत नाहीत. अशा वर्षी उरलेल्या थोड्या तारखांवर सर्वांची झुंबड उडते, भवनांची भाडी वाढतात, एकच पुरोहित दिवसात तीन लग्ने लावू पाहतो आणि एकच आचारी दोन ठिकाणची कामे घेतो. समारंभ कोलमडण्याची बरीचशी कारणे येथेच रुजतात. मराठी पंचांगकर्त्यांनी अडचणीच्या काळासाठी गौण मुहूर्त देण्याची सोय ठेवली आहे ती याच कारणाने. ज्या कुटुंबाची मुहूर्तावर फारशी भिस्त नाही त्याने गर्दीच्या तारखेऐवजी असा दिवस घेतला, तर त्याला चांगली माणसे आणि चांगले दर दोन्ही मिळतात.

ठरलेली घटका गाठणे ही तिसरी कसोटी आहे. पूर्वी तळाशी बारीक छिद्र असलेली तांब्याची वाटी पाण्यात सोडून, ती २४ मिनिटांनी बुडाली की एक घटका झाली असे मोजत. अंतरपाट त्या मोजणीनुसार धरला आणि दूर केला जाई. मराठी लग्नात अक्षता पडण्याची वेळ मिनिटापर्यंत पाळण्याचा आग्रह असतो, तर स्थानिक रीतीत वरात वाजतगाजत, नाचत, रात्री उशिरा दारी येते आणि ‘भाँवर’, म्हणजे अग्नीभोवतीचे फेरे, पहाटेपर्यंत चालतात. एकाच मांडवात या दोन सवयी एकत्र आल्या की वधूपक्ष घड्याळाकडे आणि वरपक्ष बँडकडे पाहत राहतो. ध्वनिप्रदूषणविषयक २००० च्या नियमांनुसार रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत उघड्यावर ध्वनिवर्धक वाजवण्यास मनाई आहे, आणि बिलासपूर येथील छत्तीसगड उच्च न्यायालयाने डीजेच्या कर्कश आवाजाची दखल स्वतःहून घेऊन प्रशासनाला जाब विचारलेला आहे. त्यामुळे रात्री साडेदहाला सुरू होणारी वरात आता केवळ व्याह्यांच्या नाराजीचा विषय राहिलेली नाही. वरातीचा मार्ग आखडता घेऊन ती सूर्यास्ताच्या सुमारास काढणे आणि मुहूर्त त्यानंतर दीड-दोन तासांनी धरणे, ही तडजोड दोन्ही बाजूंना झेपते.

सुतक, प्रतिकूल आणि शास्त्रातील पळवाटा

लग्नाच्या तोंडावर घरात मृत्यू होणे ही सर्वांत कठीण आपत्ती, आणि आश्चर्य वाटेल इतक्या तपशिलाने तिचा विचार धर्मशास्त्रीय निबंधांनी, म्हणजे आचारविषयक नियम संकलित करणाऱ्या ग्रंथांनी, केलेला आहे. पंढरपूरच्या काशीनाथ उपाध्याय यांनी १७९० च्या सुमारास रचलेला ‘धर्मसिंधु’ हा महाराष्ट्रातील पुरोहितांचा आजही आधारग्रंथ आहे. त्यात ग्रथित झालेल्या परंपरेप्रमाणे नांदीश्राद्ध, म्हणजे मंगलकार्याआधी पितरांना केलेले आवाहन, हा विवाहाचा आरंभ मानला जातो, आणि एकदा ते झाले की नंतर येणारे अशौच, ज्याला व्यवहारात सुतक म्हणतात, त्या कार्यापुरते आड येत नाही. विवाहासाठी नांदीश्राद्ध दहा दिवस आधीपर्यंत करता येते. घरात कोणी अत्यवस्थ असेल, तर पुरोहित नांदीश्राद्धासह देवक लवकर बसवण्याचा सल्ला देतात तो या नियमाच्या आधारे. नियमाच्या भाषेत बोलणारी ही वस्तुतः जोखमीची आगाऊ तरतूद आहे.

लग्न ठरल्यावर, परंतु विधी सुरू होण्यापूर्वी, जवळच्या व्यक्तीचा मृत्यू झाला तर त्याला ‘प्रतिकूल’ अशी संज्ञा असून नात्याच्या जवळिकीप्रमाणे काही काळ थांबणे हा मुख्य पक्ष, आणि थांबणे अशक्य असल्यास शांतिकर्म करून पुढे जाणे हा गौण पक्ष सांगितलेला आहे. वधूच्या किंवा वराच्या आईच्या मासिक पाळीबद्दलही शास्त्राने विवाह मोडण्याचा मार्ग न सांगता शांतीचा पर्याय दिला आहे. आज मात्र पुष्कळ स्त्रिया लग्नाच्या तारखेसाठी पाळी पुढे ढकलणाऱ्या संप्रेरकांच्या गोळ्या स्वतःच्याच निर्णयाने घेतात. रक्तात गुठळी होण्याचा पूर्वेतिहास, यकृताचे विकार किंवा अर्धशिशीचे काही प्रकार असलेल्या स्त्रियांना त्या अपायकारक ठरू शकतात, म्हणून डॉक्टरांना विचारल्याशिवाय त्या घेणे योग्य नाही. शास्त्राने मोकळी ठेवलेली वाट विसरून शरीराला वेठीस धरण्याचा हा प्रकार, परंपरेच्या नावाखाली परंपरेपेक्षाही कडक होण्याचे उत्तम उदाहरण म्हणता येईल.

पुरोहितच आला नाही तर काय, या प्रश्नाचे उत्तर महाराष्ट्राने दीडशे वर्षांपूर्वी दिले आहे. जोतीराव फुले यांनी २४ सप्टेंबर १८७३ रोजी सत्यशोधक समाज स्थापन केला आणि त्याच वर्षी २५ डिसेंबरला पहिला सत्यशोधक विवाह ब्राह्मण पुरोहिताविना, अत्यल्प खर्चात पार पडला. पुढे अशा विवाहांना झालेला विरोध न्यायालयापर्यंत गेला. अलीकडच्या काळात पुण्याच्या ज्ञान प्रबोधिनीने जात आणि लिंग यांचा भेद न करता पौरोहित्याचे प्रशिक्षण दिल्यामुळे स्त्री पुरोहितांनी लावलेली लग्ने मराठी समाजात परिचित झाली आहेत. कायद्याच्या दृष्टीने हिंदू विवाह अधिनियम, १९५५ च्या कलम ७ नुसार वर किंवा वधू यांपैकी कोणत्याही एका बाजूच्या रूढ विधींनी विवाह लागू शकतो, आणि त्या रूढीत सप्तपदी असेल तर सातव्या पावलाला तो पूर्ण होतो. म्हणजेच मराठी–छत्तीसगढी विवाहात मराठी भटजींची गाडी चुकली आणि स्थानिक पंडिताने आपल्या रीतीने भाँवर पाडली, तरी विवाहाच्या वैधतेला त्यामुळे बाध येत नाही.

मे महिन्यातील पंगत

रायपुरात मे महिन्यात तापमान ४२ अंश सेल्सिअसच्या आसपास असते आणि कधी कधी ४५ च्या पुढे जाते. मध्येच वावटळ, गारा आणि अवकाळी पाऊस येऊन उघड्या मैदानावरील शामियाना उडवून नेतात. या हवामानात सर्वांत जास्त लोकांना एकाच वेळी बाधणारी दुर्घटना म्हणजे अन्नविषबाधा, आणि तिची कारणे कुटुंबे समजतात त्यापेक्षा वेगळी असतात. ५ ते ६० अंशांच्या दरम्यान जंतू झपाट्याने वाढतात, म्हणून शिजवलेले अन्न एकतर वाफाळते किंवा पुरेसे थंड ठेवावे लागते. एरवी दोन तास चालणारा पदार्थ ३२ अंशांहून अधिक उष्णतेत तासाभरातच धोक्याच्या पातळीला पोहोचू शकतो. हाताळणाऱ्याच्या त्वचेवरून किंवा नाकातून दुधाच्या मिठाईत, बासुंदीत अथवा पनीरमध्ये शिरणारा स्टॅफिलोकोकस हा जंतू जे विष तयार करतो ते पुन्हा उकळूनही नष्ट होत नाही, आणि एक ते सहा तासांत उलट्या सुरू होतात. भात आदल्या रात्री शिजवून तसाच ठेवला तर बॅसिलस सिरियस नावाच्या जंतूचे बीजाणू त्यात वाढून असेच विष सोडतात. यावरून ‘पुन्हा गरम केले की झाले’ हा लग्नघरातील समज किती चुकीचा आहे हे स्पष्ट होते.

उपाय साधे असले तरी ते पंगतीच्या दिवशी सुचत नाहीत, आधी ठरवावे लागतात. दुधाचे व खव्याचे पदार्थ उन्हाळी लग्नात कमी ठेवणे, भात आणि डाळ पंगतीच्या तुकड्यांनुसार थोडीथोडी शिजवणे, बर्फ पिण्याच्या पाण्याचाच आहे याची खात्री करणे आणि केटररचा चौदा अंकी अन्नपरवाना क्रमांक करारावर लिहून घेणे एवढ्याने बराच धोका टळतो. तरीही उलट्या-जुलाब सुरू झाले तर पहिले औषध म्हणजे जलसंजीवनी. तयार पुडी नसल्यास एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ विरघळवून घोट घोट द्यावे, लहान मुले, वृद्ध आणि गर्भवती यांना लगेच रुग्णालयात न्यावे, आणि संशयित पदार्थ फेकून न देता त्याचा नमुना थंड जागी राखून ठेवावा. उष्माघाताचे लक्षण वेगळे असते : अंग तापून माणूस असंबद्ध बोलू लागला किंवा बेशुद्ध पडला, तर त्याला सावलीत घेऊन अंग ओले करून वारा घालणे आणि १०८ क्रमांकाच्या रुग्णवाहिकेला बोलावणे यात एक मिनिटही दवडता येत नाही. जरीच्या शेरवानीत घोड्यावर तासभर बसलेला उपाशी नवरदेव या धोक्याला पाहुण्यांपेक्षा अधिक सामोरा जात असतो, ही गोष्ट वरातीच्या उत्साहात सहज नजरेआड होते.

यादीपासून करारापर्यंत

मराठी लग्नातील ‘यादी’ ही प्रथा या संदर्भात नव्याने पाहण्यासारखी आहे. लग्न ठरताना दोन्हीकडची वडील माणसे बैठक घालून, कोणता खर्च कोणी करायचा, मानपान कोणाचा आणि किती, याची लेखी यादी करीत आणि तिला हळदकुंकू लावून ती दोघे व्याही जपून ठेवीत. या यादीतून हुंड्याची देवघेव पक्की होई हा तिचा काळा भाग. परंतु अपेक्षा आधीच कागदावर आल्यामुळे ऐन मांडवात उद्भवणारे वाद तिने कमी केले, हेही नाकारता येत नाही. छत्तीसगढी समाजात याला समांतर अशी व्यवस्था नात्यांच्या भूमिकांतून उभी राहते. ‘ढेड़हा’ आणि ‘ढेड़हिन’ या नावाने ओळखले जाणारे जावई-लेकींसारखे नातेवाईक विधींची सूत्रे सांभाळतात. ‘टिकावन’ या विधीत आप्त व गावकरी नवदांपत्याला भांडी, धान्य, पैसा देऊन नव्या संसाराचा भार वाटून घेतात. आणि ‘मितान’, म्हणजे विधिपूर्वक जोडलेला मित्र, जातीबाहेरचा असूनही सख्ख्या नातेवाइकासारखा कामाला उभा राहतो. रायपूरच्या जुन्या मराठी मोहल्ल्यांत शेजाऱ्यांकडून आणि महाराष्ट्र मंडळासारख्या संस्थेतील ओळखींतून हेच काम होत असे, कारण काका-मामा शेकडो किलोमीटरवर असताना पाट, पातेली आणि वाढपी शेजारच्या वाड्यातूनच येणार होते.

रुसवेफुगवे हाताळण्याचीही परंपरांची स्वतःची तंत्रे होती. मराठी लग्नात विहिणीच्या पंगतीला गायली जाणारी थट्टेची गाणी आणि छत्तीसगढी लग्नात वरातीला उद्देशून म्हटली जाणारी ‘भड़ौनी’ गीते दोन घरांमधील ताण हसण्यावारी नेण्यासाठीच असत. ज्यांना हा संकेत ठाऊक नाही अशा वऱ्हाडींना भड़ौनीतील शिव्या खऱ्या वाटून पंगतीवरून उठण्याची वेळ येते, म्हणून मिश्र विवाहात वधूकडच्या एखाद्या जाणत्या माणसाने आदल्या दिवशीच जानवशावर, म्हणजे वऱ्हाडाच्या मुक्कामी, जाऊन ही रीत समजावून सांगणे इष्ट ठरते. मानाच्या साडीवरून किंवा आधी कोणाच्या पाया पडायचे यावरून उठलेला वाद वधूवरांच्या आईवडिलांनी स्वतः मिटवू पाहिला की चिघळतो. दोन्ही घरांना मान्य असलेल्या, स्वतःचा कोणताच मान नसलेल्या मध्यस्थाकडे तो सोपवला की बहुधा निवळतो.

आज रायपूरच्या व्हीआयपी रोडवरील सभागृहांत होणाऱ्या लग्नांत या सर्व भूमिका भाड्याने मिळतात, आणि म्हणून यादीची जागा कराराने घेणे आवश्यक झाले आहे. आगाऊ रकमेच्या पावतीवर केवळ तारीख आणि आकडा लिहिलेला असतो. वीज गेल्यास जनरेटर कोणाचा, पाऊस आल्यास आतील दालन मिळेल काय, ताटांची संख्या कोणी मोजायची, तारीख बदलल्यास किती पैसे परत मिळणार, या प्रश्नांची उत्तरे तोंडी राहतात. या उणिवेची किंमत २०२० मध्ये सर्वांना कळली. मार्चअखेर करोनामुळे देशभर टाळेबंदी लागली, नंतर विवाहाला पन्नास माणसांची मर्यादा घालण्यात आली, आणि एप्रिल २०२१ मध्ये रायपुरात पुन्हा टाळेबंदी लागल्यावर ती लग्नसराईही बुडाली. भवनमालक आगाऊ रक्कम परत करीनात आणि कुटुंबांजवळ दाखवायला अटीच नव्हत्या. भारतीय करार अधिनियम, १८७२ मधील कलम ५६ प्रमाणे पालन अशक्य झालेला करार रद्द ठरतो आणि कलम ६५ प्रमाणे त्यातून मिळालेला लाभ परत करावा लागतो. तथापि प्रत्यक्षात बहुतेकांनी पुढची तारीख घेऊन किंवा थोडी रक्कम सोडून तडजोड केली. सेवेत उणीव राहिली तर ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ खाली दोन वर्षांच्या आत जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार करता येते आणि पाच लाख रुपयांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क लागत नाही. परंतु ताटांची मोजणी, छायाचित्रे आणि लेखी संदेश हा पुरावा समारंभ चालू असतानाच गोळा व्हावा लागतो, आणि ते काम यजमानाऐवजी आधी नेमलेल्या एखाद्या भाच्या-पुतण्याकडे असावे लागते.

टाळेबंदीतील लग्नांनी आणखी एक गोष्ट नकळत सिद्ध केली. घरच्या अंगणात मोजक्या माणसांत लागलेली ती लग्ने विधीच्या दृष्टीने कोठेही अपुरी नव्हती. गाळले गेले ते रुखवताचे प्रदर्शन, संगीत संध्या आणि पाचशे ताटे, आणि समारंभ बिघडवणाऱ्या बहुतेक गोष्टी नेमक्या याच भागात असतात. छत्तीसगडातील साहू समाजासारख्या मोठ्या समाजांनी सामूहिक ‘आदर्श विवाह’ रूढ करून आणि शासनाने मुख्यमंत्री कन्या विवाह योजनेतून गरीब कुटुंबांना साहाय्य देऊन खर्चाची हीच बाजू हलकी करण्याचा प्रयत्न केलेला आहे.

जे निभावून न्यायचे नसते

येथपर्यंतच्या अडचणी कशाही असल्या तरी त्या सांभाळून घेण्याजोग्या आहेत. धोका असा की ‘वेळ निभावून नेणे’ ही लग्नघराची सवय झाल्यामुळे, जे मुळीच निभावून न्यायचे नसते तेही त्याच समजुतीने गिळले जाते. मुहूर्ताला तास उरला असताना वरपक्षाने मोटारीची किंवा रोख रकमेची मागणी करणे, शिक्षण, नोकरी, आजार किंवा आधीचे लग्न लपवल्याचे त्याच दिवशी उघड होणे, वधू किंवा वर अल्पवयीन असणे अथवा त्यांचा नकार दाबून टाकलेला असणे, या गोष्टी सुतक किंवा पावसाच्या जातीच्या नाहीत. परंतु ‘पत्रिका वाटल्या, पाहुणे आले, आता माघार कशी’ हा एकच युक्तिवाद दोन्ही ठिकाणी वापरला जातो. गोविंद बल्लाळ देवल यांच्या ‘संगीत शारदा’ या १८९९ च्या नाटकात वृद्ध श्रीमंताशी ठरलेले मुलीचे लग्न सगोत्रतेच्या दोषामुळे मोडते, आणि प्रेक्षकांना ते मोडल्याचा आनंद होतो. मोडण्यातच कल्याण असलेली लग्ने असतात, हे मराठी समाजाने रंगभूमीवर तेव्हाच मान्य केले होते. कायदा मात्र तीस वर्षांनी आला : १९२९ च्या सारडा कायद्याने मुलीचे किमान वय १४ ठरवले, आणि आजच्या २००६ च्या कायद्याप्रमाणे ते मुलीसाठी १८ व मुलासाठी २१ आहे. अक्तीला छत्तीसगडात मुले मातीच्या पुतरा-पुतरीचे, म्हणजे बाहुला-बाहुलीचे, लग्न लावतात. त्याच दिवशी खरे बालविवाहही होत आल्यामुळे प्रशासनाला त्या तिथीला विशेष पाळत ठेवावी लागते, आणि १०९८ या क्रमांकावर कोणालाही त्याची सूचना देता येते.

हुंड्याबाबत कायद्याने यादीचाच मार्ग उलट्या दिशेने वापरला आहे. हुंडा प्रतिबंधक अधिनियम, १९६१ प्रमाणे हुंडा देणे व घेणे यांना किमान पाच वर्षांच्या कारावासाची आणि नुसत्या मागणीलाही सहा महिने ते दोन वर्षांच्या कारावासाची तरतूद आहे, तर १९८५ च्या नियमांनुसार लग्नात मिळालेल्या भेटींची, त्या कोणी दिल्या आणि त्यांची अंदाजे किंमत किती यासह, वधूने व वराने स्वाक्षरीची यादी ठेवावयाची असते. आहेराची वही प्रत्येक मराठी लग्नात असते, परंतु ती परतीचा आहेर किती करायचा हे ठरवण्यासाठी. तिला कायदेशीर यादीचे रूप दिले तर पुढे वाद झाल्यास स्त्रीधन कोणते हे सिद्ध करणे सोपे जाते. अडचणीत सापडलेल्या स्त्रियांना वैद्यकीय, कायदेशीर आणि निवाऱ्याची मदत एकाच छताखाली देणाऱ्या ‘सखी’ केंद्रांपैकी देशातील पहिले केंद्र जुलै २०१५ मध्ये रायपुरातच सुरू झाले, आणि १८१ या क्रमांकावरून ही मदत लग्नाच्या दिवशीही मिळवता येते.

नोंदणीविषयीही एक गैरसमज दूर होणे जरूर आहे. सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये विवाहनोंदणी सक्तीची करण्याचे निर्देश दिले, त्यानंतर छत्तीसगडानेही तसे नियम केले. परंतु परदेशी व्हिसासाठी आधी केवळ प्रमाणपत्र मिळवून विधी पुढे ढकलण्याची जी पद्धत रूढ होत आहे ती धोक्याची आहे, कारण एप्रिल २०२४ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने हिंदू विवाह अधिनियमाखालील विवाह आवश्यक विधींविना केवळ नोंदणीच्या कागदाने सिद्ध होत नाही असे स्पष्ट केले. ज्यांना विधी नको आहेत किंवा नंतर हवे आहेत त्यांच्यासाठी तीस दिवसांच्या नोटिशीसह विशेष विवाह अधिनियम, १९५४ हा स्वतंत्र मार्ग उपलब्ध आहे.

या सर्व उदाहरणांतून दिसते ते असे की, लग्नातील अडचणींचे निवारण ऐनवेळच्या हुशारीपेक्षा आधीच्या बैठकीत अधिक होते. जुन्या यादीत मानपान आणि देणेघेणे लिहिले जाई. आजच्या यादीत वाहतूक, अन्न, वीज, पाऊस, आजारपण आणि पैसा या प्रत्येकापुढे एका जबाबदार माणसाचे नाव आणि एक पर्याय लिहिलेला असावा लागतो, आणि ती करताना वडीलधाऱ्यांबरोबर वधू आणि वर यांनीही बसावे लागते. त्याच बैठकीत, कोणत्या परिस्थितीत हे लग्न थांबवले जाईल हेही दोन्ही घरांनी स्पष्ट बोलून घेतले, तर मांडवात उभ्या राहिलेल्या मुलीला किंवा मुलाला नकार देण्यासाठी धैर्य गोळा करीत बसावे लागणार नाही. तो निर्णय घेण्याचा अधिकार त्यांना आधीच मिळालेला असेल.